घरी बनवलेल्या पीसीबीवर ०.५ मिमी पिचची एसएमडी आयसी बसवता येते का?

हो, येते. (एसएमडी म्हणजे होल न पाडता बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचे पार्ट.) तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४८ पिनचा, ०.५ मिमी पिचचा (शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत ०.५ मिमी अंतर असलेला) एलक्यूएफपी (चारही बाजूंना पिना असलेला चपटा) मायक्रोकंट्रोलर आणि ०६०३ या छोट्या मापाचे रेझिस्टर-कपॅसिटर वापरून प्रोटोटाइप करायचा आहे. टोनर आणि इस्त्रीने (लेझर प्रिंट तापवून तांब्यावर उतरवून) दोनदा बोर्ड करून पाहिला. दोन्ही वेळा काही ट्रॅक (तांब्याच्या रेघा) तुटले आणि आयसीच्या पिनांमधलं तांबं एकमेकांना चिकटूनच राहिलं. आता फोटो पद्धत धरावी, तांबं कोरणारं छोटं सीएनसी मशीन घ्यावं, की नाद सोडून बोर्ड बाहेरून बनवून घ्यावा?

माझं मत: फोटो पद्धत धरा, तीही ड्राय फिल्मची (उजेडाने पक्की होणारी फिल्म तांब्यावर चिकटवायची). पण त्याआधी लेआउट, म्हणजे पार्ट आणि ट्रॅक कुठे हे ठरवणारा आराखडा, पुन्हा करा. तुमच्या प्रश्नात पद्धतींबद्दल सगळं आहे आणि लेआउटबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे आधी सांगतोय. घरी केलेला बोर्ड जमणार की फसणार हे बहुतेक वेळा तांबं ओलं होण्याआधीच ठरलेलं असतं. फॅक्टरीसाठी काढलेला लेआउट जसाच्या तसा घरी उतरवायला गेलं की हात कितीही चांगला असला तरी निम्मा दिवस वाया जातो.

एसएमडी म्हटलं की लोक बिचकतात. खरं तर घरी करायला एसएमडी बोर्ड जुन्या होलवाल्या बोर्डापेक्षा सोपा आहे. ४० पिनच्या साध्या डीआयपी आयसीला ४० होल पाडायची आणि प्रत्येक होल पॅडच्या (पिन सोल्डर करायच्या तांब्याच्या तुकड्याच्या) मध्यावरच यायला हवं. एसएमडीत ते सगळं वाचतं. अडचण एकच उरते: होलच्या आतून तांब्याचा थर चढवणं घरी जमण्यासारखं नाही. त्यामुळे आपल्याकडे एक व्हाया (बोर्डाच्या दोन बाजू जोडणारा दुवा) म्हणजे एक होल, तारेचा एक तुकडा आणि दोन सोल्डर जॉइंट. असे ६० व्हाया असले तर त्यातला एखादा कच्चा राहतोच, आणि तो कुठला हे शोधण्यात रात्र जाते.

मी करतो ते असं. दोन्ही बाजूंना तांबं असलेली शीट घेतो, पण एच (नको असलेलं तांबं द्रावणात विरघळवणं) करतो फक्त वरची बाजू. खालची बाजू पूर्णच्या पूर्ण ग्राउंड. एचिंगच्या वेळी तिच्यावर रुंद पॅकिंग टेप नीट दाबून लावली की काम झालं. दोन बाजू एकमेकींशी जुळवायचा प्रश्नच येत नाही, आणि सर्किटच्या प्रत्येक कोपऱ्याखाली अखंड ग्राउंड मिळतं. जिथे ग्राउंड हवं तिथे ०.८ मिमीचं होल, त्यातून तार, दोन्हीकडून सोल्डर. आयसीच्या प्रत्येक सप्लाय पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो, त्याच्या ग्राउंडच्या टोकाला लागूनच असं एक होल ठेवा. फक्त आयसीच्या पोटाखाली व्हाया टाकू नका, तारेचा सोल्डर वर उचललेला राहतो आणि आयसी सपाट बसत नाही. एखादा होलवाला कनेक्टर असलाच, तर त्याच्या ग्राउंड सोडून बाकीच्या पिनांपाशी मागच्या तांब्यावर ३ मिमीचं ड्रिल बिट हाताने दोन-चार वेळा फिरवायचं. होलभोवतीचं तांबं गोल खरवडून निघतं आणि पिन ग्राउंडला शॉर्ट होत नाही.

ट्रॅक एकमेकांना ओलांडतात तिथे झिरो ओहम रेझिस्टर, म्हणजे पुलासारखा जंपर. १२०६ मापाच्या रेझिस्टरखालून दोन ट्रॅक आरामात जातात, ०८०५ खालून एक. पण जंपर टाकण्याआधी मायक्रोकंट्रोलरच्या पिना अदलाबदल करून बघा. एलईडी कुठल्या पिनवर आहे याने प्रोग्रामची एक ओळ बदलते, बोर्डावर मात्र दोन जंपर वाचू शकतात. माझ्या एका बोर्डात पहिल्या लेआउटला अकरा जंपर होते. सर्किट डायग्रामकडे परत जाऊन पिना नव्याने वाटल्या तेव्हा तीन उरले. त्या तासाभराइतका उपयोगी वेळ पुढच्या कुठल्याच पायरीत गेला नाही.

आता आयसीचे पॅड. बोर्ड डिझाइन करायच्या किकॅडसारख्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ०.५ मिमी पिचच्या आयसीचा पॅड साधारण ०.३ मिमी रुंद असतो, म्हणजे दोन पॅडांत जेमतेम ०.२ मिमी उरतात. पिन स्वतः ०.२२ मिमीच्या आसपास असते. म्हणून मी पॅड ०.२५ करतो, अंतरही ०.२५ मिळतं. शिवाय पॅड बाहेरच्या बाजूला अर्धा मिलिमीटर लांब करतो, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला टेकायला जागा होते. ट्रॅक पॅडातून ०.२५ नेच निघतो, पण आयसीपासून दूर गेला की ०.४ करतो. बारीक ट्रॅक फक्त जिथे इलाज नाही तिथे. उरलेल्या मोकळ्या जागेत ग्राउंडचं तांबं भरून टाका, एच करायचं तांबं कमी होतं आणि द्रावण जास्त बोर्डांना पुरतं. मात्र त्या भरलेल्या तांब्याचं अंतर ०.५ मिमी ठेवा. आपल्या बोर्डावर सोल्डर मास्क (सोल्डर अडवणारा थर) नसतो, अंतर कमी असलं की सोल्डर उडी मारून ग्राउंडला जाऊन मिळतो.

प्रिंट काढताना दोन चुका सगळ्यांच्या हातून होतात, माझ्याही झाल्या आहेत. पहिली आरशाची. होलवाल्या बोर्डात तांबं खालच्या बाजूला असतं, त्यामुळे सॉफ्टवेअर वरून जे दाखवतं ते तसंच छापलं तरी चालतं. एसएमडीत तांबं वरच असतं, म्हणून वरचा लेयर मिरर करूनच छापावा लागतो. मी एकदा हे विसरलो. बोर्ड इतका स्वच्छ आला होता की फोटो काढून ठेवला, आणि आयसी ठेवल्यावर लक्षात आलं की १ नंबरची पिन कुठल्याच बाजूने जागेवर येत नाही. होलवाली आयसी अशा वेळी मागून तरी बसवता येते, इथे तोही मार्ग नाही. तेव्हापासून प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्यातच एखादा शब्द लिहितो. बोर्डावर उतरवायच्या प्रिंटवर तो उलटा दिसला पाहिजे.

दुसरी चूक मापाची. प्रिंटच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की चित्र गुपचूप लहान होतं. समजा ९६ टक्के झालं. ४८ पिनच्या आयसीला एका बाजूला १२ पिना, म्हणजे पहिल्या पिनपासून शेवटच्या पिनपर्यंत ५.५ मिमी. त्यात ०.२२ मिमीचा घाटा, तो दोन टोकांना वाटून ०.११ मिमी. आयसी कशीबशी बसेल. पण १०० पिनच्या आयसीत हेच अंतर १२ मिमी असतं, टोकाची पिन ०.२४ मिमीने सरकते आणि पॅडावर उभी राहायच्या ऐवजी जवळपास पॅडांमधल्या फटीत जाते. म्हणून आधी साध्या कागदावर मिरर न करता प्रिंट काढा, खरी आयसी त्यावर ठेवा आणि भिंगातून चारही कोपरे बघा.

तुमचे टोनरचे बोर्ड का फसले तेही सांगतो. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड. इस्त्रीचा दाब जास्त झाला की ती वितळून पसरते आणि ०.२ मिमीची फट बुजते. कमी झाला की कागदाबरोबर सुटून येते आणि ट्रॅक तुटतो. इस्त्रीने संपूर्ण बोर्डावर सारखा दाब देणं हाताच्या आवाक्यातलं नाही, त्यामुळे दोन्ही दोष एकाच बोर्डावर दिसतात. १.२७ मिमी पिचची एसओआयसी, ०.८ मिमीची टीक्यूएफपी, ०८०५ चे पार्ट इथपर्यंत टोनर पद्धत छान आहे, विशेषतः इस्त्रीऐवजी लॅमिनेटर वापरला तर. त्याखाली मी तिच्यावर विसंबत नाही.

ड्राय फिल्मची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण तिच्यात छोट्या छोट्या गोष्टींनी फरक पडतो.

पहिलं म्हणजे तांब्याची सफाई. बारीक काथ्याने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासा, मग बोर्ड उभा धरा. पाण्याचा पातळ पडदा संपूर्ण तांब्यावर अखंड राहिला तर तांबं स्वच्छ. कुठे पडदा फाटून थेंब गोळा झाले तर तिथे तेलकटपणा आहे, परत घासा. त्यानंतर तांब्याला बोट लावायचं नाही.

फिल्म म्हणजे तीन थर: मध्ये मऊ निळसर रेझिस्ट (तांब्याला द्रावणापासून वाचवणारा थर) आणि दोन्हीकडे पारदर्शक आवरण. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे तुकडे लावून ओढले की एक आवरण सुटतं. आधी फक्त आतल्या बाजूचं काढा. तांब्यावर पाणी फवारून फिल्म त्यावर तरंगत ठेवा आणि प्लॅस्टिकच्या कार्डाने मधून बाहेर पाणी ढकला. पाण्यामुळे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. मग साधारण ११० अंश सेल्सिअसला लॅमिनेटरमधून दोन-तीनदा काढा. हे सगळं उन्हापासून लांब, पिवळ्या दिव्यात करा.

ही फिल्म निगेटिव्ह आहे: जिथे उजेड पडतो तिथे ती पक्की होते. म्हणजे ट्रान्सपरन्सीवर (ज्यावर चित्र छापतो त्या पारदर्शक शीटवर) ट्रॅक पारदर्शक आणि बाकीचं काळं हवं. एका प्रिंटचा काळा रंग पुरेसा दाट नसतो, दिव्यासमोर धरलं की बारीक छिद्रं दिसतात. दोन प्रिंट एकमेकांवर अचूक चिकटवा. छापलेली बाजू फिल्मला टेकलेली असली पाहिजे, नाहीतर प्रकाश ट्रान्सपरन्सीच्या जाडीतून कडेने आत शिरतो आणि बारीक फटी भरून जातात. वरून काच, काचेवर दाब. ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचे यूव्ही एलईडी चालतात. किती सेकंद, याचं उत्तर दुसऱ्याच्या दिव्यावरून काढू नका. एका तुकड्यावर पुठ्ठा सरकवत १०, २०, ३०, ४० सेकंदांचे पट्टे पाडा. डेव्हलप केल्यावर (कच्ची फिल्म धुऊन काढल्यावर) ज्या पट्ट्यात ट्रॅक पक्के राहिले आणि फटी मोकळ्या झाल्या, तो तुमचा वेळ. उजेड मिळालेला भाग गडद निळा होतो, त्यामुळे कुठे काय झालं ते डोळ्यांनी दिसतं.

एक्सपोज झाल्यावर पंधरा मिनिटं थांबा, मग वरचं आवरण काढा. ते काढायचं राहिलं तर डेव्हलपर आत जातच नाही, नवीन माणूस हमखास इथे अडकतो. डेव्हलपर म्हणजे १ टक्का सोडियम कार्बोनेट, एक लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम. हा धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. मऊ ब्रश फिरवत राहिलं की एक-दोन मिनिटांत कच्ची फिल्म विरघळते. फटींमध्ये अदृश्य पापुद्रा राहिला असेल तर कसा ओळखायचा? बोर्ड एचिंगच्या द्रावणात पाच सेकंद बुडवून पाण्याने धुवा. मोकळं तांबं लगेच मंद गुलाबी होतं. जिथे अजून चकाकी दिसते तिथे फिल्म शिल्लक आहे, परत डेव्हलपरमध्ये घाला. तुमच्या बोर्डावर पिना चिकटून राहिल्या होत्या, तशा इथे राहायच्या आतच सापडतात.

एचिंगला मी फेरिक क्लोराईड वापरतो. ४० ते ४५ अंशांना, ट्रे सतत हलवत. सोडियम पर्सल्फेटही चांगलं, त्याचं द्रावण पारदर्शक असतं आणि तांबं विरघळतं तसं निळं होत जातं, बोर्ड शेवटपर्यंत दिसतो. आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साईडचं मिश्रण सगळ्यांत वेगवान, पण त्याची वाफ फुप्फुसांना वाईट आणि खोलीतल्या हत्यारांना गंज चढवते. नवशिक्याला मी ते सुचवणार नाही.

तांब्याची जाडी इथे फार महत्त्वाची. नेहमीच्या शीटवर ३५ मायक्रॉन तांबं असतं. द्रावण जितकं खाली खातं, जवळपास तितकंच कडेनेही खाऊ शकतं, म्हणजे दोन्ही बाजू धरून ०.२५ मिमीचा ट्रॅक ०.१८ वर येऊ शकतो. १८ मायक्रॉनची शीट मिळाली तर हे नुकसान निम्मं होतं आणि वेळही निम्मा लागतो. बारीक पिचसाठी मी तीच घेतो. शेवटचं तांबं गेलं की बोर्ड ताबडतोब बाहेर, ‘अजून एक मिनिट असू दे’ म्हणायचं नाही.

चष्मा आणि हातमोजे घालाच. उरलेली फिल्म काढायला कॉस्टिक सोडा वापरता तेव्हा तर नक्कीच, डोळ्यात थेंब गेला तर तो आम्लाइतकाच किंवा त्याहूनही घातक आहे. पर्सल्फेटची बाटली घट्ट बंद करू नका, आत वायू साठतो. आणि वापरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका. त्यातलं विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना विषारी असतं. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये जमा करा आणि घातक रसायनांचा कचरा घेणाऱ्या ठिकाणी द्या. हे टाळून बोर्ड बनवण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

सीएनसीबद्दल थोडक्यात. रसायनं नाहीत, हा मोठा फायदा. पण व्ही बिटच्या (निमुळत्या टोकाच्या कटरच्या) कापाची रुंदी खोलीवर ठरते. ०.१ मिमी टोकाचा, ३० अंशांचा बिट ०.१ मिमी खोल गेला तर काप ०.१५ मिमीचा, ०.३ मिमी खोल गेला तर ०.२६ मिमीचा. बोर्ड मध्ये ०.२ मिमीने फुगलेला असला तर तेवढ्यात तुमचे पॅड खाल्ले जातात. आधी प्रोबने (बोर्डाला टेकवून उंची मोजायच्या साधनाने) उंचीचा नकाशा घेतला तर जमतं. काचेच्या तंतूंची भुकटी मात्र उडते, मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही लागतात. आधीपासून मशीन असेल तर जरूर वापरा, फक्त या कामासाठी घेऊ नका.

सोल्डर करण्याआधी मल्टिमीटरने शेजारशेजारच्या सगळ्या पिना तपासा. ४८ जोड्या, पाच मिनिटांचं काम. मागे अखंड ग्राउंड असल्याने बोर्ड उजेडासमोर धरून काही दिसत नाही, म्हणून मीटर टाळू नका. शॉर्ट सापडला तर धारदार ब्लेडने फट मोकळी करा.

मास्क नसलेल्या बोर्डावर सोल्डर ट्रॅकवरून वाहत जातो आणि जॉइंट उपाशी राहतो. भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारं रसायन) आणि थोडा सोल्डर, हेच सूत्र. आयसी सगळ्यात आधी लावा. आधी दोन विरुद्ध कोपऱ्यांच्या पिनाच सोल्डर करा, भिंगातून बघा, मग टोक ओढत एकेक बाजू पूर्ण करा, जास्तीचा सोल्डर तांब्याच्या जाळीने उचला. हॉट प्लेट किंवा हॉट एअर असेल तर १३८ अंशांना वितळणारी कथील-बिस्मथची पेस्ट घ्या. ०.२५ मिमीचा पॅड जास्त उष्णतेने बोर्डावरून उचलला जातो, कमी तापमानात तो धोका कमी. पेस्टचे प्रत्येक पॅडावर थेंब ठेवू नका, पिनांच्या रांगेवर आडवी एक बारीक रेघ ओढा. वितळल्यावर ती आपोआप पिनांकडे ओढली जाते.

बाहेरून कधी करून घ्यावा? बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली आयसी), ०.४ मिमी पिच, चार थर यांसाठी घरी वेळ घालवू नका. खाली मोठा पॅड असलेली क्यूएफएन मात्र घरी होते: मधल्या पॅडात २ मिमीचं होल पाडा आणि मागून सोल्डर भरा. घरच्या बोर्डाचं मोल मला वाटतं ते त्याच दिवशी उत्तर मिळण्यात. सकाळी शंका आली की हा रेग्युलेटर इथे चालेल का, तर संध्याकाळी तो टेबलावर चालू असतो. त्यामुळे संपूर्ण सर्किट एकदम करण्यापेक्षा ज्या भागाबद्दल शंका आहे तेवढाच छोटा बोर्ड करा.

आणि तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला हात घालण्याआधी एक पट्टी करा: ०.१, ०.१५, ०.२, ०.२५ आणि ०.३ मिमीचे ट्रॅक, तेवढ्याच फटी, आणि शेजारी ४८ पिनचा नुसता फूटप्रिंट (आयसीच्या पॅडांची मांडणी). त्यात जी सगळ्यात बारीक फट तीनदा सलग स्वच्छ उतरेल, तिच्या दीडपट आकडा सॉफ्टवेअरच्या डिझाइन रूलमध्ये भरा. ०.१५ उतरली तर ०.२२५ होतात आणि वर सांगितलेला ०.२५ चा पॅड त्यात बसतो. ०.२ च उतरली, तर एक्सपोजरचा वेळ आणि काचेचा दाब पुन्हा तपासा, आयसी अजून पाकिटातच राहू द्या.